दोन सुरांच्या मधला सा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, गच्चीवर कपडे वाळत घालत होते. “वन्सं, हे गेले,” एवढंच वहिनी म्हणाल्या. दीड-एक महिना उलटला, पण माझा थोरला भाऊ गेला हे अजून मला धुक्यातून कुणी सांगितल्यासारखंच वाटतं.

दादा लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. तिथला सूर ठरलेला, सगळ्यांनी त्यावर यायचं. निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधल्यावर त्यानं मिरजेहून तंबोरा आणला तो वहिनींसाठी. त्या भजनं गायच्या. दुपार कलली की दादा तंबोरा लावायचा, डोंगराची सावली हळूहळू अंगणात उतरायची आणि वहिनी डोळे मिटायच्या. कधी म्हणायच्या, “आवं, जरा उतरवा की. घसा बसलाय आज.” दादा म्हणायचा, “सूर उतरत न्हाई. आपण चढायचं.” मग दोघंही हसायची. त्या बापड्या चढायच्यासुद्धा.

पुढे वहिनींच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज खाली गेला, जाडसर झाला. त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि तो कोपऱ्यात उभा केला. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, “गळा हाय, वन्सं. पण माझा न्हाई ऱ्हायला त्यो.” दादा खिडकीतून बाहेर बघत होता.

त्यानंतर तो एकदा सांगलीला आला आणि मला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेला. सूर दाखवणारा ट्यूनर हवा होता. मोबाईलमधला चालायचा, पण रस्त्यावरून रिक्षा गेली की त्याचा काटा नाचायचा. दुकानदारानं चिमट्यासारखे छोटे ट्यूनर काढले. वाद्याच्या लाकडाला लावायचे, लाकडाची थरथर तेवढी ते ऐकतात; सूर जुळला की हिरवा दिवा, नाही जुळला की लाल. एकाला फक्त गिटारच्याच तारा कळत होत्या, तो दादानं बाजूला ठेवला. दुसरा हातात घेऊन विचारलं, “ह्याचा मूळ सूरच खाली आणता येतोय का?” दुकानदार म्हणाला, “येतो, पण कोणी आणत नाही.” दादानं तोच घेतला. बाहेर आल्यावर मी म्हणाले, “दादा, तू आणि सूर उतरवणार?” तो नुसता हसला... वहिनींचं गाणं थांबल्यापासून तो फार क्वचित हसायचा.

पुढचं वहिनींनी सांगितलं. त्या मेथी निवडताना स्वतःशीच गुणगुणायच्या, तेव्हा दादा ट्यूनर चालू केलेला मोबाईल त्यांच्या पदराजवळ ठेवून बसायचा. त्यांना वाटे, बातम्या बघतोय. आवाज आपणहून कुठे टेकतो ते तो बघत होता. आवाज टेकायचा पेटीच्या पांढरी चार आणि काळी तीन या शेजारच्या पट्ट्यांच्या मधे, जिथे पेटीला पट्टीच नाही. मग एका दुपारी त्यानं ट्यूनरचा मूळ सूर तेवढा खाली आणला, म्हणजे हिरवा दिवा तिथेच लागेल, आणि तंबोरा लावून छेडत बसला. “मी इचारलं, ही कुठली पट्टी? तर म्हणाले, तुझी.” त्या दिवसापासून वहिनी पुन्हा गाऊ लागल्या.

गेल्या आठवड्यात मी साताऱ्याला होते. ट्यूनरचा सेल संपला होता, भाचीनं, दादाच्या लेकीनं, नवा घातला आणि तंबोरा लावून दिला. वहिनींनी डोळे मिटले, ओठ उघडले, पण आवाज फुटेना.

“लय वर हाय ह्यो,” त्या म्हणाल्या.

“आई, दिवा तर हिरवा लागलाय.”

सेल बदलताना ट्यूनर पुन्हा जगाच्या सुरावर गेला होता. तो मूळ सूर नेमका किती खाली आणायचा, ते दादालाच ठाऊक होतं. वहिनींनी चिमटा काढून माझ्या हातात दिला, भोपळ्याला कान लावला आणि खुंटी उलटी फिरवत गेल्या... सावकाश, अंधारात पायरी शोधावी तशा. एका जागी त्यांचा हात थांबला. मग एकेक करत बाकीच्या तारा तिथे आल्या आणि वहिनी गाऊ लागल्या.

गाणं संपल्यावर, त्या पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा, मी चिमटा तंबोऱ्याला लावून तार छेडली. काटा दोन सुरांच्या बरोबर मधे उभा राहिला. दिवा लाल होता. मी तो बंद केला.