पाण्याची मोटर आणि पहिला रेडर

काही घरांत जुने डबे साठतात, काही घरांत रद्दी साठते. आमच्या घरात किस्से साठले. आमचं दार जिन्याच्या अगदी समोर. दार उघडं असतं, माझे कान जागेवर असतात, आणि लोक जिन्यातच भांडतात. मी मुद्दाम कुणाच्या भानगडीत पडत नाही हो. भानगडी चालत येतात, मी फक्त "या, बसा" म्हणते!

हे सगळे किस्से एकाच खेळाचे आहेत. नाशिकरोडला आमची छोटी सोसायटी. नव्वद सालानंतर बांधलेली, पाण्याचा पहिल्या दिवसापासून ठणठणाट. पहाटे पाचला नळाला पाणी यायचं, तेव्हा खाली जाऊन मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची. हे काम सेक्रेटरीचं. शिवाय जिना झाडून घेणं, मेंटेनन्स मागत फिरणं आणि सगळ्यांच्या शिव्या खाणं. त्यामुळे सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसायचं. मीटिंगमध्ये विषय निघाला की एकाला खोकला यायचा, दुसऱ्याचा गॅस चालू राहिलेला असायचा.

एका मीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे गांगुर्डे भाऊजी वैतागून म्हणाले, "चिठ्ठ्या नको आन् मतदान बी नको. जो कबड्डीत हारंल, तो सेक्रेटरी!"

मला वाटलं, आता मीटिंगला आलेले चौघे पुरुष पोटं सांभाळत मैदानात उतरणार. तसं नव्हतं. आमच्या मागच्या मैदानावर संक्रांतीच्या सुमारास कबड्डीच्या स्पर्धा व्हायच्या. नांदगाव, सुरगाणा, कुठून कुठून संघ यायचे. ह्या चौघांनी आधीच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये बसायचं आणि सगळ्या संघांतून एकेक खेळाडू पाळीपाळीने निवडायचा. एकाने घेतला तो दुसऱ्याला नाही. असे प्रत्येकाचे सात. मैदानात त्या सात जणांनी जेवढे गुण मिळवले, तेवढे ह्यांचे. सगळ्यात कमी ज्याचे, तो वर्षभर सेक्रेटरी.

चौघे म्हणजे गांगुर्डे भाऊजी, बँकेतले बोरसे भाऊजी, शाळेतले जोशी सर आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ड्युटी करणारे आमचे हे. पोहे आणि चहा अर्थातच माझ्याकडे!

*

पहिल्याच वर्षी पहिली पाळी ह्यांची आली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. सगळे कुजबुजत होते की रेडर घ्या, रेडर. म्हणजे समोरच्यांच्या अंगणात चढाई करून गडी मारून येणारा. चांगले रेडर असतात मोजके, आणि एका चढाईत दोन-दोन, तीन-तीन गुण आणतात. पकडी करणारे काय, शेवटपर्यंत मिळतात. एवढं माझ्यासारख्या नववी झालेल्या बाईलाही कळत होतं.

ह्यांनी चहा संपवला, मिशा पुसल्या आणि नांदगावच्या संघातला डाव्या कोपऱ्यातला पकडी करणारा घेतला.

बोरसेंनी पोह्यांचा चमचा खाली ठेवला. "आहेर, पहिल्या पाळीला कोपरा?"

"घर सांभाळणारा माणूस पहिला हवा," हे म्हणाले.

पुढच्या दोन फेऱ्यांत रेडर संपले. ह्यांच्या वाट्याला एकच आला. तो गडी कबड्डी कबड्डी म्हणत जायचा, मधल्या रेषेपलीकडे चार पावलं टाकायचा आणि तसाच परत यायचा. मी घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "तो काय साखर मागायला जातो का हो?"

हे हरले. सेक्रेटरी म्हणून नाव लागलं ह्यांचं, आणि पहाटे पाचला स्वेटर घालून खाली कोण गेलं? मी! ह्यांची ड्युटी असते ना. आणि ड्युटी नसेल त्या दिवशी ड्युटीचा थकवा असतो.

*

दुसऱ्या वर्षी हे शहाणे झाले. "यंदा फक्त रेडर," म्हणाले. मला बरं वाटलं. पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं.

ह्यांनी रेडरच घेतले. पण थोडं तारतम्य नको का! कोणी सांगितलं की नांदगावच्या संघाने ह्या वर्षी नुसते रेडरच भरलेत, तर ह्यांनी सातही त्याच संघातून उचलले.

बोरसेंनी ह्यांची यादी दोनदा वाचली. मग अगदी हळू म्हणाले, "आहेर, चढाईला एका वेळी एकच जातो. तुम्ही टीम नाही घेतली, रांग घेतलीत."

स्पर्धेत ती रांग मी डोळ्यांनी पाहिली. एक जायचा, सहा कमरेवर हात ठेवून बघत बसायचे. पकड करायची वेळ आली की सातही जण एकमेकांकडे बघायचे.

पुन्हा आम्ही सेक्रेटरी. म्हणजे मी.

*

बोरसे भाऊजींचं म्हणणं वेगळंच. रेडर घ्यायचा तर गुडघे बघून घ्यायचा. वय काय, मार कुठे लागलाय, झोप किती घेतो, सगळी चौकशी हवी. नांदगावचा एक रेडर त्यांच्या मनात भरला होता. एका सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ इस्त्रीचे कपडे घालून थेट त्याच्या घरी गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पेढ्यांचा बॉक्सही नेला!

दारात वडील. बोरसेंनी विचारलं, मुलगा काय करतो? व्यसन आहे का? घरचं शेत किती? तब्येत कशी? घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आतून पोहे आले. मुलाला बोलावलं. तो नवा शर्ट घालून मान खाली घालून बसला.

बोरसे म्हणाले, "जरा दारापर्यंत चालून दाखव बरं."

मुलगा चालला. बोरसेंनी गुडघे नीट पाहिले. मग आई पुढे येऊन म्हणाली, "आणि मुलगी काय शिकलीय तुमची?"

बोरसेंना मुलगी नाही. दोन मुलगे आहेत.

हे सगळं त्यांनी आमच्या हॉलमध्ये सांगितलं. बोरसे वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "मग ठरलं का?" मी विचारलं.

"मुलगा पसंत आहे," बोरसे म्हणाले, "पण दुसऱ्या पाळीला घेईन."

आमच्या ह्यांनी ते ऐकलं आणि पहिल्याच पाळीला तो रेडर झडप घालून घेतला. आठवडाभर ताठ मानेने फिरले. इकडे नांदगावात बातमी पसरलेली, की नाशिकहून मोठ्या लोकांचं स्थळ आलंय. गल्लीतल्याच ज्यांना हा मुलगा जावई म्हणून हवा होता त्यांनी घाई केली आणि साखरपुडा उरकून टाकला. नेमका स्पर्धेच्या दिवसांत! नवरदेव मैदानात फिरकलासुद्धा नाही.

तिसरं वर्ष. मोटरचं बटण आता मला अंधारातही सापडायला लागलं होतं.

*

जोशी सर गुडघे बघत नाहीत. ते संस्कार बघतात. पंचाशी हुज्जत घालणारा त्यांना चालत नाही, शिवी देणारा तर नाहीच. एका वर्षी त्यांनी पहिल्या पाळीला असा रेडर घेतला, जो मैदानात उतरताना मातीला नमस्कार करायचा, पंचांना नमस्कार करायचा, कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांनाही करायचा.

पोरगा चपळ होता हो. चढाई करून आला की पंच दोन बोटं वर करायचे. दोन गुण! आणि हा हात जोडून म्हणायचा, "नाही साहेब, एकालाच हात लागला. दुसऱ्याला मी शिवलोच नाही."

प्रत्येक सामन्यात हेच. जोशी सरांच्या डोळ्यांत पाणी. "बघा, याला म्हणतात माणूस!" गुण परत जात होते आणि सर टाळ्या वाजवत होते.

शेजारी बसलेल्या जोशी वहिनी एवढंच म्हणाल्या, "टाळ्या वाजवून झाल्या की मोटर कशी लावतात ते माझ्यासाठी विचारून या."

त्या वर्षी मी झोपले. जोशी वहिनी कंबरेला पट्टा बांधून खाली जायच्या. सर वरून विचारायचे, "झाली का गं सुरू?"

*

गांगुर्डे भाऊजी सुरगाण्याकडचे. गावाकडच्या पोरांवर त्यांचा भारी जीव. एका वर्षी त्यांनी गावचा रेडर पहिल्या पाळीला घेतला आणि त्याचं खाणंपिणं नीट व्हावं म्हणून स्पर्धेसाठी आपल्याच घरी उतरवून घ्यायचं ठरवलं. नागलीच्या भाकरी, कोंबडी, सगळी तयारी. त्या वर्षी सेक्रेटरी पुन्हा आम्हीच, हे वेगळं सांगायला नको.

सकाळी सातला माझ्या दाराची बेल. मग दुसरी बेल. मग कडी वाजवणं. "वहिनी, पाणी!" "काकू, अंगाला साबण लावलाय, पाणी गेलं!" मी म्हटलं, टाकी आत्ता तर भरली. वर गेले तर टाकीत खडखडाट.

गांगुर्डेंचं दार उघडलं आणि मी थक्क! हॉलभर तरणी पोरं, ओले टॉवेल, दोरीवर चड्ड्या. संघाचे बारा, मॅनेजर आणि ड्रायव्हर, सगळ्यांच्या आंघोळी उरकलेल्या.

"भाऊजी, रेडर एक येणार होता ना?"

"वहिनी, एकटा कसा यील?" ते शांतपणे म्हणाले. "जीप हाय ना!"

*

अशी वर्षं गेली. लोकांच्या हातात मोबाईल आले, आमच्या नळाला पाणी पाचलाच येत राहिलं. मग एका संक्रांतीला हळदीकुंकवाला आम्ही चौघी बसलो होतो आणि बोलता बोलता लक्षात आलं, की हरतात हे आणि खाली जातो आपण. बोरसे हरले त्या वर्षी बोरसे वहिनींनी तापात मोटर लावली होती. गांगुर्डे वहिनी म्हणाल्या, "आता लय झालं!"

रविवारी चौघे पुरुष आमच्या हॉलमध्ये जमले. आम्ही पोहे केले नाहीत. आम्ही सोफ्यावर बसलो आणि त्यांना समोर सतरंजीवर बसवलं.

मी सांगितलं, "यंदा निवड आम्ही करणार. रेडर नाही, तुम्ही. सेक्रेटरीचं काम चौघींत वाटलंय. पाणी माझ्याकडे, जिना बोरसे वहिनींकडे, मेंटेनन्स गांगुर्डे वहिनींकडे, भांडणं जोशी वहिनींकडे. प्रत्येकीने एक माणूस घ्यायचा. वर्षभर काम तो करील. पहिली पाळी माझी."

आमच्या ह्यांनी कॉलर नीट केली. बोरसेंकडे बघून जरा हसलेसुद्धा.

"गांगुर्डे भाऊजी," मी म्हणाले. ते रोज पहाटे चारला उठतात.

ह्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

बोरसे वहिनींनी जोशी सरांना घेतलं. जिन्यात कुणी कचरा टाकला तर सर त्याला संस्कारांवर तासभर ऐकवतील म्हणून. गांगुर्डे वहिनींनी बोरसेंना घेतलं. अनोळखी घरात जाऊन चौकशा करायची ज्याला लाज नाही, तो मेंटेनन्स सोडणार आहे का!

राहिल्या जोशी वहिनी. आणि सतरंजीवर राहिले आमचे हे.

"अहो, पण," हे हळूच म्हणाले, "घर सांभाळणारा माणूस पहिला घ्यायचा असतो."

जोशी वहिनींनी ह्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "गुडघे कसे आहेत हो ह्यांचे?"

"तुम्हीच बघा," मी म्हटलं.

"भाऊजी, जरा दारापर्यंत चालून दाखवा बरं."

आणि हे उठले! पँट वर ओढली, छाती पुढे काढली, दारापर्यंत गेले, वळले आणि परत येऊन मान खाली घालून उभे राहिले.

जोशी वहिनींनी कंबरेचा पट्टा जरा घट्ट केला.

"राहू दे," म्हणाल्या, "भांडणं माझी मीच करीन."