धावड्याच्या धुऱ्यावरची अंबाडी

काका गेल्यानंतरचा पहिला पोळा मावशीला जड जाणार हे सगळ्यांना कळत होतं. रजा मात्र माझ्याशिवाय कुणालाच नव्हती. मग मीच पिशवी भरली. पुण्याहून एसटीनं जालना, तिथून भोकरदनची गाडी, पुढे धावड्यापर्यंत काळीपिवळी जीप. जाणार असाल तर भोकरदनच्या स्टँडवर गरम भजी खाऊन घ्या. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि "भरली" म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. माझ्या मांडीवर शेजारच्या आजींची कोंबडी होती.

दारातच मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला. तिची सून रेखा चहा घेऊन आली. ही जालना शहरातली. काका गेले म्हणून वर्षाच्या आत मावशीच्या मुलाचं, संतोषचं, लग्न उरकलं, त्यामुळे तिनं सासऱ्यांना पाहिलेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मला कपाशी दाखवायला घेऊन निघाली. खरं तर अंबाडी. काका दरवर्षी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेनं अंबाडीची एक ओळ पेरायचे. कोवळी असताना भाजी. मग ती डोक्याच्या वर जायची, हिवाळ्यात कापून पाण्यात भिजत घालायची आणि सालीचे धागे, म्हणजे वाख, काढून बैलांचे कासरे वळायचे. गावात आता सगळे नायलॉनचे दोर आणतात.

"ह्यांच्या हातचं मूठभर बी राह्यल्तं," मावशी म्हणाली. "समदं पेरलं. फुलली की पुढचं बी मिळतं."

धुऱ्यावर काहीच नव्हतं. उपटलेली झाडं बांधाखाली ढिगानं पडली होती.

मागून रेखा धापा टाकत आली. "आत्याबाई, मीच उपटलं सकाळी. कुनाला सांगू नका, गांजा हाये तो! टीव्हीवर दाखवलं न्हाई का, कपाशीत गांजा लावला म्हणून पोलिसांनी धरून नेलं. ह्यांना नेलं असतं मंग?"

तिची चूक मला कळली. बाजारात जुडी मिळते ती कोवळ्या, अखंड पानांची. झाड वाढलं की वरची पानं पंजासारखी फाटतात, कडांना दाते येतात, आणि लांबून ते थेट गांजाच वाटतं. गांजाचं पान चुरगाळलं तर उग्र वास बोटांना राहतो. अंबाडीचं चावलं तर जीभ आंबते, आणि खोडाला बारीक काटे असतात. रेखाच्या तळव्यांत ते रुतलेले होते.

"अंबाडी हाये बाई ती," मावशी म्हणाली आणि त्या ढिगापाशी खाली बसली. रेखाला रडू फुटलं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. पण मावशीनं तिचा हात मांडीवर ओढला आणि एकेक काटा काढायला लागली.

"माझ्या लेकासाठी भ्याली तू. तुला काय बोलू?" मग डोळे पुसून म्हणाली, "ऊठ, जल्दी कर. मुळाला माती हाये तवर लावू."

कमी सुकलेली झाडं आम्ही निवडली. मोठी पानं खुडली, ओल्या मातीत खोड उभं करून पायानं दाबलं, वर पळसाच्या फांद्यांची सावली केली. अंबाडीला पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून चर काढला. खुडलेल्या पानांची रात्री कण्या घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी झाली. रेखा जेवेना.

"खा," मावशी भाकरी वाढत म्हणाली, "पोलीस येत न्हाईत."

पोळा करून मी निघाले तेव्हा धुऱ्यावर नुसत्या काड्या उभ्या होत्या. पुण्यात आल्यावर प्रवासाचा शीण दोन दिवसांत गेला, त्या काड्या काही जाईनात. फोन करून विचारायचा धीर होत नव्हता. मावशीनं तिच्या माणसाचं शेवटचं बी सुनेला वाटलेल्या भीतीपायी गमावलं, आणि तरी तिलाच जवळ घेतलं. मला हे जमलं असतं का, असंच वाटत राहिलं.

दसऱ्यानंतर रेखाचाच फोन आला. "ताई, तीन झाडं जगली. फूल आलं! पिवळं, पोटात गडद लाल."

"मावशी काय म्हणाली?"

"झाडापाशी गेल्या, डोक्यावरून पदर घेतला आन् तशाच उभ्या राह्यल्या. ऊन बी नव्हतं ताई, मंग पदर कशाला?"

काका शेतातून आले की मावशी तसाच पदर घ्यायची.