संडासातला बागुलबुवा

हे घडलं तवा घरात आमी चौघं होतो. मी, माझा लेक, सून आन् अडीच वर्साची नात. पाचवी माझी धाकटी जाऊ. ती शेजारी राहाती, पन दिवसभर आमच्याच वट्ट्यावर असती, म्हनून तिलाबी धरते. मालक जाऊन लय वर्सं झाले. मी दुसरीतून शाळा सोडलेली, त्याच्यामुळं मी सांगायले आन् सून लिहायली.

नातीला मी पायावरच बसवायचे. अंगनात खाली बसायचं, पाय पसरायचे, पावलांवर लेकरू टेकवायचं आन् "शीऽऽ शीऽऽ" करायचं. माझे चार लेकरं असेच शिकले. पन पोरगी जड झाली आन् माझे गुडघे दुखायले. सून म्हनली, "आत्याबाई, आता तिला संडासाची सवय लावू. अंगनवाडीत कोन पाय पसरून बसनार हाय तिच्यासाठी?"

संडास होता आमच्या दारात. सरकारच्या योजनेतून बांधला, तवाच लेकानं त्यात फवारनीचा पंप, खताचे पोते आन् कापसावरल्या औषधाच्या बाटल्या भरल्या. आमी सगळे आपले डबडं घेऊन नाल्याकडं जायचो. नात चालायला लागली तशी सारखी त्या दाराला धडका द्यायची. बाटली तोंडाला लावली तं? म्हनून मी तिला भेव घातलं. "आत बागुलबुवा हाय. काळा. लेकराचा पाय धरून खाली वढतो." तवापासून ती त्या बाजूनं फिरकलीच न्हाई. मला वाटलं, बरं झालं.

मंग लेकानं सगळं सामान शेतातल्या कोठ्यावर नेलं, संडास घासून धुतला. सुनंनं नातीला हाताला धरून दारात नेलं. लेकरू लाकडावानी ताठ झालं. वरडली न्हाई, रडली न्हाई. नुसते पाय आवळले.

चार दिवस झाले, पोरीला शी न्हाई. पोट नगाऱ्यावानी टम्म. अंगनात पायावर घेतलं तं तिथूनबी संडासाच्या दाराकडं बघायची आन् दाबून धरायची. एरंडेल दिलं, थुकून टाकलं. भाकर खायची बंद झाली. जाऊ म्हनली, "बाई, नातीनं दोन्हीकडून उपास धरला वाटतं." कोनी हसलं न्हाई.

लेकानं गाडी काढली. मी मागं लेकरू मांडीवर घेऊन बसले, ताडकळसच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं पातळ औषध दिलं. म्हनले, "आजी, यानं आज होईल. पन भेव गेलं न्हाई तं लेकरू पुन्हा दाबून धरील. सारखं तसंच चाललं तं लय तरास होतो. कशाला भेतंय ते?"

लेकानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

दाबून धरनं काय असतं ते मला इचारा. आमी बाया अंधार पडायची वाट बघायचो. दिवसा कळ आली तं दात आवळायचे आन् खुरपं चालवायचं. पोटुशी असले तरी तेच. सासू म्हनायची, पानी कमी पी. असे लय वर्सं काढले. सगळ्याच बायांचं तसं होतं, त्याचं काय वाटून घ्यायचं? पन या लेकरानं उजेडी, दारात संडास असताना, माझ्या थापंपायी दाबून धरायचं, हे मला बघवंना.

घरी आल्यावर तिला म्हनलं, "माय, आत कोनी न्हाई. मी लबाड बोलले."

ती म्हनली, "तू जा."

"मी?"

"तू बश."

जन्मात मी त्या भांड्यावर बसले नव्हते. वट्ट्यावरून जाऊ म्हनली, "जावा की! म्हातारीला नेऊन काय करतोय बागुलबुवा? सांजंपर्यंत परत आनून सोडील."

लेकाला बाहेर घालवलं. लुगडं सावरून आत गेले, दार उघडंच ठेवलं. नात चौकट धरून वाकली आन् माझे पाय बघायली, कोनी वढतंय का म्हनून.

"पाय हायेत?"

"हायेत की. मोज."

"एक, दोन," म्हनली.

इथवर बरं झालं. पन मला उठता येईना. गुडघे धरले. म्हनलं, "अगं, हात दे!" तिला वाटलं, धरलं आजीला. किंचाळली आन् पळत आत आली! माझे दोन्ही हात धरून वढायली, तोंड लाल झालं. मी भिताडाला धरून कशीबशी उठले. मंग तिला कळलं, आपन आत उभं हाव. तिनं वाकून भोकात बघितलं.

"न्हाई कोनी," म्हनली.

डॉक्टरचं औषध पोटात गेलेलंच होतं. बसली. मी तिचे दंड धरले आन् "शीऽऽ" केलं. चार दिवसाचं एकदम मोकळं झालं. बाहेर सून म्हनली, "झाली का वो?" म्हनलं, "झाली गं बाई, झाली." माझंच पोट हलकं झाल्यावानी वाटलं.

आता ती रोज जाती. दार लावू देत न्हाई, तेवढंच. मीबी तिथंच जाते. लेकानं भिताडाला लोखंडी दांडा बसवून दिला, मला धरून उठायला.

वाचनाराला एवढंच मागनं हाय. तुमच्या संडासात पोते, पंप ठेवले असतील तं आज काढा. औषधाला कुलूप लावा, लेकराला भेव घालू नका.