घर तपासायला आलेले सुभेदारकाका

आमच्या ऑफिसातल्या सुभेदारकाकांनी आयुष्यात एक तरी खुर्ची, एक तरी बटण किंवा एक तरी जिना निर्धास्तपणे पाहिला असेल, यावर माझा विश्वास नाही. फौजेतून निवृत्त होऊन ते आमच्याकडे सुरक्षा बघायला आले, आणि तेव्हापासून ऑफिसात कुणी नुसतं दचकलं तरी ते आधी पंख्याकडे बघतात. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर. लग्नाला गेले तर अक्षता मुठीत धरून नवरानवरीऐवजी मांडवातल्या लाइटच्या माळेकडे बघत उभे. एकदा म्हसवडच्या जत्रेत सिद्धनाथाच्या दर्शनाची रांग सोडून हे गेले मोठ्या पाळण्याच्या केबलपाशी. केबलचा उघडा जोड बांधून घेतल्याशिवाय यांनी पाळणा फिरूच दिला नाही. पाळणेवाला वैतागून म्हणाला, "काका, तुमी देव बघाया आलाय का माझं वाटुळं कराया?" काका म्हणाले, "देव कुटं पळून चाललाय? तू जोड बांध."

असा माणूस कंपनीने घरोघर पाठवला. आमचं ऑफिस सांगलीत, माधवनगरच्या रस्त्याला. काम दवाखान्यांची बिलं तपासायचं. ज्याला खरीच अडचण आहे त्याने घरून काम करावं, पण आधी सुभेदारकाकांनी घर बघून हो म्हटलं पाहिजे, असा नियम निघाला, आणि निम्म्या लोकांच्या अडचणी तिथल्या तिथे मिटल्या. काका पिशवीत मोजपट्टी, पक्कड आणि चिकटपट्टी घेऊन मोटारसायकलवर गावोगाव फिरू लागले. माझी एक मैत्रीण पलंगावर पाय पसरून, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करायची. काकांनी लॅपटॉपखाली हात घातला, मग तिलाही घालायला लावला. "भाकरी फुगंल ह्येच्यावर," ते म्हणाले, "आन् उशी पेटली तर पळणार कशी? पाय तर चादरीत गुतल्यात." त्या दिवसापासून ती टेबलावर बसते आणि अधूनमधून उशीकडे संशयाने बघते.

हे किस्से सांगून मी पोट धरधरून हसले, आणि मग माझी पाळी आली. मी राहते मलकापूरच्या बाहेर, मळ्यात. नवरा फौजेत, लांब. सासूबाई मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या, पोरगी नुकती धावायला लागलेली, आणि मामा, म्हणजे माझे सासरे, दिवसभर उसात. मी रोज सांगलीला गेले तर घर बघणार कोण? काका नाही म्हणाले की नोकरी गेली, सरळ हिशेब होता. आणि ती नोकरी म्हणजे या घरात सून, आई, बायको यांच्यापलीकडची जी काही मी होते, तेवढीच होती. मला अन्न गोड लागेना. टेबल खिडकीपाशी ओढलं, परत आत ओढलं, लोंबणाऱ्या वायरी पडद्यामागे दडवल्या, आणि पडदा उचलून बघतील या भीतीने त्या पुन्हा बाहेर काढल्या.

काका आले ते टोपी नीट करून, ताठ. पाणीही न पिता माझ्या खुर्चीवर बसून ती गदागदा हलवली. लॅपटॉपखाली लाडवाचा डबा ठेवला, म्हणजे मान वाकायला नको. माझे पाय अधांतरी राहतात म्हणून कोपऱ्यातला पाट ओढला, तशी आतून सासूबाई कडाडल्या, "जेवायच्या पाटावर पाय? आवं, कुटल्या गावचं शास्तर म्हणायचं ह्ये?" फौजेत कुणाला न घाबरलेले काका चटकन उठले, पाट होता तिथे ठेवून आले आणि दोन विटांना पोतं गुंडाळून माझ्या पायाखाली दिल्या. मला वाटलं, सुटले. मी चहाचं आधण ठेवायला उठले, तर काका म्हणाले, "अर्थिंग कुटं हाय?"

मामा अभिमानाने त्यांना घरामागच्या परड्यात घेऊन गेले. मागच्या वादळात खांबावरून घरात येणारी एक तार तुटली होती. तक्रार करा, वायरमनची वाट बघा, हे मामांच्या स्वभावात नाही. त्यांनी म्हशीच्या पाणी प्यायच्या डोणीशेजारी लोखंडी सळई ठोकली, तुटलेल्या तारेऐवजी घरातली वायर त्या सळईला जोडली, आणि घरात उजेड पडला. रोज सकाळी सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतलं की बल्ब कसा लखलखतो, हे ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. काकांना दाखवायला त्यांनी बादली उचलली. काकांनी त्यांचा हात धरला. त्यांची नजर म्हशीवर होती. म्हैस डोणीपासून दावं ताणून, लांब उभी होती.

"ही पानी पीत न्हाई?"

"लय दिस झालं, तिथं जातच न्हाई. दुसरीकडं दिलं की पित्या. नजर लागल्या कुणाची तरी. मीठमोहऱ्या उतरून टाकल्या."

 काकांनी आत जाऊन मेन स्विच पाडला, मग बाहेर येऊन म्हणाले, "पाव्हणं, घरातला करंट ह्या सळईतनं भुईत उतरतोय. वल्ल्या जागेत म्हशीच्या खुराला त्यो कळतोय. म्हशीला अक्कल हाय म्हणून ती लांब उभी ऱ्हायली."

"आवं, सगळ्या वस्तीत असंच हाय," मामा म्हणाले.

"मग सगळी वस्ती नशिबावर चालल्या."

आणि मला आठवलं, माझी पोरगी रोज अनवाणी तिथेच म्हशीला चारा घालायला धावते.  तरीही खरं सांगते, दुसऱ्याच क्षणी मला नोकरीच आठवली आणि रडू फुटलं. काका फोन काढत होते. मी म्हटलं, "काका, नाही म्हणून कळवू नका. माझं सगळं संपेल हो." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फोनवर साहेबांना सांगितलं, "मलकापूरचं घर बघून व्हायचंय अजून. झालं की कळवतो. तवर ह्या पोरीची रजा धरा."

मग हा साठीचा माणूस रोज यायचा. तक्रार नोंदवायला मामांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. मामा रुसलेले, वाटेत एक शब्द बोलले नाहीत म्हणे. वायरमन आला, खांबावरची तार जोडली, सळई उपटली, नवं अर्थिंग लांब बांधाकडेला, कुंपण घालून केलं. एवढं करून काका शेजारच्या घरातही शिरले, त्यांच्या शेजारच्याही. या सगळ्या दिवसांत मी कंदिलाची काच जपावी तसा जपून श्वास घेत होते. शेवटी म्हैस डोणीपाशी गेली, थबकली, आणि तोंड बुडवून प्यायली. मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग काकांना म्हणाले, "सुभेदार, जेवून जावा."

काकांनी साहेबांना फोन लावला. "घर ठीक हाय. पोरीला घरनं काम करू द्या."

जेवण झाल्यावर ते ओसरीत टेकले. मी विचारलं, "काका, लोकांच्या घराची एवढी काळजी कशाला करता? ऑफिसात तुम्हाला हसतात. मीपण हसले."

"हसू द्या की," ते म्हणाले. टोपी काढून शेजारी ठेवत म्हणाले, "मी सुट्टीला घरी याचो, तवा माझं पोरगं दारातनं आईला हाळी द्याचं, आई, पावणं आल्यात. वळख हुईस्तवर सुट्टी सपायची. तुमाला घरात बसून चाकरी करता येत्या. तुमची पोरगी तुमाला रोज बघत्या. त्येला माझ्या हयगयीनं दृष्ट लागाय नगं."

 इतक्यात पोरगी झोपेतून उठून डोळे चोळत बाहेर आली. काकांनी तिच्यापुढे दोन्ही हात पसरले. ती दचकून माझ्या मागे लपली आणि माझ्या साडीत तोंड खुपसून राहिली.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले, "बराबर हाय तिचं." हात खाली घेऊन त्यांनी टोपी उचलली आणि बाहेर जाऊन गाडीला किक मारली.