पुठ्ठ्याची शेगडी

नातीच्या पतंगासाठी आज खळ शिजवली आणि त्या वासासरशी मी बिबवेवाडीतल्या आमच्या जुन्या कारखान्यात पोचलो. मी आखलेली गॅसची नवी शेगडी दुसऱ्या दिवशी साच्याला जाणार होती. त्याआधी मी पुठ्ठा आणि खळ घेऊन तिचा नमुना केला आणि आम्हाला डबा देणाऱ्या लीलाताईंपुढे नेऊन ठेवला. त्या पोळ्या लाटत होत्या. हात कणकेने भरलेले, म्हणून त्यांनी मनगटानेच बटण फिरवून पाहिलं. माझं गोल, गुळगुळीत बटण हललंच नाही.

"अहो, तुमच्याकडे पोळ्या कोण करतं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा झोंबलं, पण तिथल्या तिथे कात्रीने मी बटणाला लांब कान दिला आणि ते मनगटाने फिरलं. पुढे पुष्कळ शेगड्या आखल्या. प्रत्येक वेळी पेन्सिल धरण्याआधी मी कणीक मळली.