ब्रेकचं कुंकू

ब्रेकचा लिव्हर दोन बोटांनी दोनदा दाबायचा, डोळे मिटायचे, जिलबी चाखल्यासारखं तोंड करायचं आणि म्हणायचं, "मख्खन आहे काकू, मख्खन!" गाडी कोणाचीही असो, निदान हेच. हे म्हणणाऱ्याचं नाव लिहीत नाही. त्याची बायको भली आहे, तिचा मला अजून फोन येतो.

कोहक्यात, आमच्या वस्तीत, अगदी शेजारीच राहायचा. स्कूटीच्या शोरूममध्ये सर्व्हिसचं सगळं तोच पाहायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. आता तुम्हीच सांगा, गाड्या सुधरवणाऱ्याची नखं माझ्यापेक्षा स्वच्छ कशी?

माझी सून रोज स्कूटीने कुम्हारीच्या शाळेत शिकवायला जाते. हायवेने, ट्रकांच्या मधून. एक दिवस तिच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला. या मॉडेलचा पुढच्या ब्रेकचा लिव्हर जोरात दाबला तर मोडू शकतो, फुकट बदलून घ्या. शेजारी म्हणून गाडी याच्याच हाती दिली.

संध्याकाळी गाडी आली ती लग्नाला निघाल्यासारखी चकाचक.

"लिव्हर बदलला?"

"एकदम नवा. तुमी कावून टेन्शन घेऊन राहिल्या?" दोन बोटं, दोनदा. मख्खन.

आता माझी एक खोड सांगते. दसऱ्याला लोक गाडीच्या हेडलाइटला टिळा लावतात, मी ब्रेकला लावते. पळायला गाडी कोणाचंही ऐकते, थांबायला तिची मनधरणी करावी लागते. तेलात कालवलेलं कुंकू सांध्यात बसलं की वर्षभर निघत नाही. चष्मा लावून वाकले, तर त्या 'नव्या' लिव्हरच्या सांध्यात माझंच दसऱ्याचं कुंकू!

"काय रे, कंपनी आता कुंकू लावून पार्ट पाठवते का?"

लाजला असता तर मी सोडून दिलं असतं. हा हसला. "पार्ट आले कुठं काकू? कंपनीच्या साहेबाचा फोनवर फोन, झालं का, झालं का. मंग सगळ्यायचं झालं म्हणून लिहून देल्लं. कंपनीवाले फालतू डरवून राहिले. काही होत नाही."

सगळ्यांचं! आमच्याच गल्लीतल्या चार पोरी त्या गाड्यांवर फिरत होत्या.

तेवढ्यात त्याच्या दारातल्या, बायकोच्या गाडीकडे माझं लक्ष गेलं. तेच मॉडेल. लिव्हर मात्र नवा कोरा, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही.

"आणि हा?"

"एकच आला होता," तो म्हणाला. पहिल्यांदाच आवाज बारीक झाला. "बायको पोरीले मांगं बसवून नेते ना, काकू."

"मग माझी सून काय विमानातून जाते?"

म्हणजे भीती त्यालाही कळत होती. फक्त स्वतःच्या दारापुरती. अशा माणसाला काय म्हणावं, मला अजून शब्द सापडला नाही.

सुनेला मी बसने धाडलं, तिची स्कूटी शोरूमच्या दारात उभी करवली आणि शेजारी जेवणाचा डबा घेऊन बसले. येईल त्या प्रत्येक बाईला लिव्हरवरचं ते कुंकू दाखवलं. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आला, आठवड्यात पार्ट आले. आमचा लिव्हर माझ्यासमोर बदलला, गल्लीतल्या चौघींचेही.

पुढे त्याला तिथून काढलं. रसमड्याकडे कुठं नोकरी लागली म्हणून बिऱ्हाड हललं. सामानाचा टेम्पो पुढे गेला. बायकोने स्कूटी काढली, मध्ये पोरगी बसली. हा मागे बसण्याआधी थांबला, पुढे आला आणि लिव्हर दोन बोटांनी दाबला. एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदाही.

डोळे उघडे होते. आणि मख्खन म्हणाला नाही.