बुगडीआधीचं भांडण

गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, तोंडाशी बसणारा तो सोनार गिऱ्हाइकाचा कान नंतर बघायचा, आधी गाव विचारायचा. खालची पाळी टोचतात तान्हेपणी, तेव्हाचं रडणं कुणाला आठवत नाही. वरची कड मात्र कडक, आणि बुगडीची हौस नेमकी कळत्या वयात येते. माझं लग्न ठरलं तेव्हा मी गेले, ते बुगड्यांची डबी मुठीत आवळून.

"गाव कंचं?"

"पेठ वडगाव."

"व्हय? मग बुगड्या उसन्या आणल्यासा काय? वडगावची माणसं लय चिक्कट."

"आईनं माझ्यासाठी घडवल्यात!" असं मी ओरडेपर्यंत सोन्याची तार कानातून आरपार गेली होती आणि तो धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होता.

"रागात दुखत न्हाय, ताई. झालं की!"

पुढे सासरच्या सगळ्या मुलींना मीच त्याच्याकडे नेऊ लागले. आजरा म्हणू नका, पन्हाळा म्हणू नका, त्यानं प्रत्येक गावाला नावं ठेवली. धाकट्या नणंदेच्या वेळी मात्र त्याची खोड मोडायचीच, असं मी ठरवलं. "तो काहीही बोलू दे, तू चिडायचं नाही," असं तिला बजावून नेलं. ती ओठ घट्ट मिटून बसली.

त्यानं तिचं गाव विचारलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनी, तुमची बुगडी वाकडी बसलीया. त्या दिशी लय थरथरत हुतासा."

"मी? मी थरथरत होते?" मी ताडकन उठले. नणंद आ वासून माझ्याकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात तिच्या कानात तार गेलीसुद्धा.

घरी येऊन आरशात बघितलं. बुगडी सरळच होती.

अजूनही अधूनमधून बघते.